उणे वीसमधले ओले मोजे: द्रास खोऱ्यातल्या एका ड्रिलिंगच्या कामावरची बूटखरेदी

पार्श्वभूमी

हे प्रकरण लडाखमधल्या करगिल जिल्ह्यातलं आहे. द्रास आणि करगिल यांच्या मधे नदीवर एक पूल व्हायचा होता आणि त्याच्या पायांखालचा खडक तपासण्यासाठी चार बोअरहोल, म्हणजे खडकात खोल भोकं, घ्यायची होती. काम पुण्याच्या एका लहान कंपनीकडे होतं आणि साइटवर भूतांत्रिक अभियंता, म्हणजे माती-खडक तपासणारा, म्हणून मी होतो. कंपनीचं आणि माणसांचं नाव देत नाही, नेमकी जागाही सांगत नाही. बाकी जे घडलं ते घडलं तसं लिहितो आहे, कारण पुढच्या हिवाळ्यात कुणी ना कुणी अशाच कामावर माणसं घेऊन जाणार आहे.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, की एवढ्या थंडीत काम काढलंच कशाला? कारण साधं आहे. या नद्या वितळत्या बर्फावर चालतात. डिसेंबर ते फेब्रुवारी वितळणं जवळपास थांबतं आणि पात्रातलं पाणी वर्षातलं सगळ्यांत कमी होतं. आमची दोन बोअरहोल थेट पात्रात होती. जूनमध्ये तिथे रिग, म्हणजे ड्रिलिंगचं यंत्र, उभं करणं सोडा, माणूस उभा राहत नाही.

माणसं चौदा. आठ हेल्पर, बहुतेक झारखंडच्या दुमका भागातले. तिकडून लडाखच्या रस्त्यांवर कामाला येण्याची जुनी वाट आहे. दोन ड्रिलर, त्यातले थोरले साताऱ्याच्या माण तालुक्यातले, विंधनविहिरींवर आयुष्य गेलेले. त्यांना सगळे मामा म्हणत. शिवाय एक मुकादम, एक स्वयंपाकी, काश्मीरमधल्या कंगनचा एक ड्रायव्हर आणि मी.

कोअर ड्रिलिंग ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण बुटाचं सगळं गणित इथेच आहे. एनएक्स मापाच्या बिटने, म्हणजे रॉडच्या टोकाच्या कापणाऱ्या तुकड्याने, सुमारे ७६ मिलिमीटर व्यासाचं भोक पडतं आणि आतून सुमारे ५५ मिलिमीटरची खडकाची कांडी बाहेर काढायची असते. बिट तापू नये आणि भुगा वर यावा म्हणून पंपाने सतत पाणी आत ढकलावं लागतं. ते पाणी केसिंगच्या, म्हणजे भोकात बसवलेल्या नळाच्या, तोंडातून परत येतं आणि रिगच्या पायाशी पसरतं. रॉड सोडवताना, रॉडच्या डोक्यावरचा पाण्याचा फिरता जोड काढताना अंगावर उडतं ते वेगळंच. म्हणजे ड्रिलर आणि हेल्पर दिवसभर पाण्यात उभे असतात. आमच्याकडे हवा सकाळी उणे अठरा-वीस असायची आणि दुपारी बारा ते दोन ऊन लागलं की उणे पाच-सहापर्यंत चढायची. उन्हात रिगभोवती चिखल व्हायचा आणि चार वाजता तोच चिखल काचेसारखा घट्ट.

अडचण

निघताना सगळ्यांना पुण्याहून गमबूट दिले होते. काळे, पीव्हीसीचे, गुडघ्याच्या थोडे खाली येणारे, चारशे-साडेचारशे रुपयांना मिळतात तेच. कोकणातल्या कामांवर पावसाळ्यात हेच वापरायचो आणि तिथे त्यांनी कधी दगा दिला नव्हता. खरेदीच्या कागदावर सही माझी होती. ‘पाण्यात काम, म्हणून गमबूट’ एवढाच विचार मी केला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी बूट इतके कडक झाले होते की घोट्यात वाकतच नव्हते. पीव्हीसी थंडीत ताठर होतं. वाकवलं की त्याच जागी घडी पडते आणि घडीवर चीर जाते. पाचव्या दिवसापर्यंत दोन जोडांना घोट्याजवळ चिरा गेल्या. पण खरी गोष्ट सहाव्या दिवशी कळली.

त्या दिवशी दुपारच्या जेवणाला एक हेल्पर बूट काढायला तयार होईना. वीस-बावीस वर्षांचा मुलगा. मामांनी त्याला जबरदस्तीने बसवून बूट ओढला. डाव्या पायाची तीन बोटं पांढरट, मेणासारखी झाली होती. टोचलं तरी त्याला कळत नव्हतं. मुकादम त्याला बुखारीजवळ, म्हणजे तंबूतल्या लाकडाच्या शेगडीजवळ, नेऊ लागला, तेव्हा मामांनी हात धरला, ‘आगीजवळ न्यायचा नाही.’ ते बरोबर होतं. बधिर पायाला चटका बसला तरी समजत नाही. चोळायचंही नाही, बर्फाने तर मुळीच नाही. पाय कोमट पाण्यात ठेवायचा, साधारण ३७ ते ३९ अंश, आपल्या कोपराला सुखद वाटेल इतकंच. आणि त्या दिवशी तो पाय पुन्हा थंडीत जाणार नाही याची खात्री असेल तरच, कारण एकदा गरम झालेला पाय दुसऱ्यांदा गोठला तर नुकसान जास्त होतं. पाऊण तासाने बोटं लाल झाली आणि तो रडायला लागला, इतकी आग होत होती. करगिलच्या डॉक्टरांनी सांगितलं की हिमदंशाच्या उंबरठ्यावरून परत आला आहे, पण पुढची काही वर्षं ही बोटं थंडीला हळवी राहतील.

त्याने नंतर सांगितलं की पाय दोन दिवसांपासून बधिर होत होता. सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. ‘साहब, बैठ गए तो हाजिरी कटेगी।’

ओल कुठून येत होती

त्या संध्याकाळी मी सगळ्यांचे बूट उलटे करून बघितले, आत हात घातला. चिरा गेलेले दोन जोड सोडले तर एकही बूट गळत नव्हता. तरी सगळ्यांचे मोजे ओले होते आणि आतलं अस्तर दमट होतं.

आमच्याकडे मातीचे नमुने तोलायचा वजनकाटा होता. मातीतली आर्द्रता काढतो तशी मोज्यांची काढली. लोकरमिश्र मोज्यांचा एक कोरडा जोड सकाळी ८४ ग्रॅम भरला, तोच संध्याकाळी मामांच्या पायातून निघाला तेव्हा १२१ ग्रॅम. सदतीस ग्रॅम पाणी, फक्त मोज्यांत. बूट शाबूत, बाहेरून थेंबही आत गेलेला नाही. हे सगळं पाणी पायाच्या घामाचं. जे पीव्हीसी बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, ते आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही.

पाणी उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने वाहून नेतं. मोज्यातली, फेल्टमधली (दाबून केलेल्या जाड लोकरी कापडातली) ऊब म्हणजे खरं तर धाग्यांत अडकलेल्या हवेची ऊब. त्या हवेच्या जागी पाणी आलं की जाड मोजाही पातळ कापडासारखा होतो. त्यातून रात्री बूट तंबूत राहायचे. दमट अस्तर रात्रीत गोठायचं आणि सकाळी बुटात पाय घालताना आत गोठलेलं दहिवर असायचं. दिवसाची सुरुवातच बर्फावर पाय ठेवून.

आणखी दोन चुका दिसल्या. मापं कंपनीच्या गणवेशाच्या यादीतून घेतली होती, म्हणजे उन्हाळी चपलांची मापं. जाड मोजे घातल्यावर सात नंबरचा बूट चवड्यावर आवळायचा. काहींनी थंडी वाजते म्हणून दोन-दोन मोजे चढवले होते, त्याने आवळणं वाढून रक्त फिरणंच कमी झालं होतं. आणि रिगचा फलाट पोलादी पत्र्याचा. बुटाच्या पातळ तळातून थंडी सरळ वर येत होती.

समोर असलेले पर्याय

काम थांबवणं हा पहिला पर्याय होता आणि तो मी मनापासून तपासला. पात्रातली दोन बोअरहोल राहिली होती. मार्चच्या शेवटापर्यंत थांबलो असतो तर पाणी वाढायच्या आधी जेमतेम तीन आठवडे मिळाले असते, आणि माणसं परत पाठवून पुन्हा आणायचा खर्च वेगळा. तरी मी पुण्याला लिहिलं की आठवडाभरात पायांची सोय झाली नाही तर काम बंद. हे लेखी दिल्यामुळे पुढच्या बऱ्याच गोष्टी लवकर झाल्या.

दुसरा पर्याय चामड्याचे सेफ्टी बूट. आयएस १५२९८ या भारतीय मानकाचा शिक्का असलेले, बोटांवर पोलादी टोपी असलेले. काही प्रकारांत आत जलरोधक पडदा आणि उबदार अस्तरही येतं. चालायला हा बूट सगळ्यांत चांगला. पण आमच्या कामात चामडं दिवसभर पाण्यात राहणार. पडदा पाणी आत जाऊ देत नसला तरी बाहेरचं चामडं पाणी पितं, जड होतं आणि चार वाजता गोठतं. गोठलेल्या चामड्यातून आतली वाफ कुठे जाणार? शिवाय अस्तर शिवलेलं, काढून वाळवता येत नाही. मुकादमाचा स्वतःचा असाच एक चांगला जोड होता. त्याने तो दोन रात्री बुखारीला टेकवून वाळवला. चामडं तडकलं आणि तळाचा डिंक सुटला.

तिसरा, लेहच्या मोती मार्केटमधले जुने फौजी पद्धतीचे बर्फातले बूट. उबदार, स्वस्त, दोन दिवसांत हातात. पण पुढे टोपी नाही. तीन मीटरचे रॉड हाताळणाऱ्या माणसाला टोपीशिवायचा बूट देणं मला पटत नव्हतं आणि करारातही ते बसत नव्हतं.

चौथा, फुगवलेल्या पॉलियुरेथेनचे उबदार सेफ्टी गमबूट. या पदार्थात बारीक बुडबुडे असतात, म्हणून तो हलका असतो, ऊब धरतो आणि थंडीत पीव्हीसीसारखा ताठर होत नाही. पाणी आत जायला शिवण किंवा सांधाच नाही. अडचण तीच, अस्तर निघत नाही.

पाचवा, खाली रबराचं कवच, वर चामडं आणि आत सुटा निघणारा जाड फेल्टचा मोजा, म्हणजे लाइनर. अतिथंड देशांतले लाकूडतोडे, खाणकामगार हे घालतात. सेफ्टी टोपीसहित मिळतात. जोडी दोन किलोच्या वर जाते आणि तीन हजार मीटरवर ते वजन जाणवतं. रबर आणि चामडं जिथे शिवलेलं असतं त्याच्या वर पाणी गेलं तर गळायचीही भीती. दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडे होते, जोडीला साधारण साडेसात हजार.

पुण्यात खरेदी बघणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना आम्ही काका म्हणतो. त्यांनी फोनवर एकच गोष्ट विचारली, ‘या डब्यावर उणे चाळीस लिहिलंय. हे कुणी ठरवलं?’ मला तो प्रश्न तेव्हा अडवणुकीचा वाटला, पण तोच योग्य प्रश्न होता. डब्यावरच्या अशा आकड्यांना सगळ्या कंपन्यांना बांधणारी एक मोजपट्टी नाही. बहुतेकदा माणूस चालतो आहे, पाय कोरडा आहे, असं धरलेलं असतं. ड्रिलर चालत नाही, उभा राहतो. सेफ्टी बुटांवरच्या ‘सीआय’ या थंडीरोधक तळाच्या खुणेला निदान एक ठरलेली चाचणी आहे: उणे १७ अंशांत अर्धा तास ठेवल्यावर आतल्या तळाचं तापमान १० अंशांपेक्षा जास्त उतरता कामा नये. तीही तळापुरतीच, आणि अर्ध्या तासापुरती. आमची पाळी सहा तासांची. म्हणून मी काकांना सांगितलं, ‘काका, डब्यावरच्या आकड्यावर ठरवूच नका. आतला मोजा बाहेर निघतो का, रात्रीत वाळतो का, एवढं विचारा.’

काका दहा मिनिटांनी परत फोनवर आले. ‘मग एकेका बुटाला लाइनर दोन-दोन घेऊ. एक घातलेला, एक वाळत.’ हे मला सुचलं नव्हतं.

एक सूचना ड्रायव्हरची. त्याचे आजोबा काश्मीर आणि लडाखमधली झोजीला खिंड ओलांडून यायचे ते पुलहोर घालून. भाताच्या पेंढ्याच्या वळलेल्या दोऱ्यांचं ते काश्मिरी पादत्राण. ‘भिजलं, झिजलं की फेकायचं आणि नवं घालायचं,’ तो म्हणाला. ‘तुमचे बूट महाग आहेत म्हणून तुम्ही ओलेच घालता.’

प्रत्यक्ष काय केलं

बूट यायला बारा दिवस लागणार होते. झोजीला खिंड तेव्हा बर्फामुळे बंद होती, म्हणजे श्रीनगरकडून ट्रक येणं शक्य नव्हतं. दिल्लीहून लेहला विमानाने आणि तिथून रस्त्याने, एवढाच मार्ग. तोपर्यंतचे उपाय आम्ही त्याच रात्री सुरू केले.

सगळ्यांत आधी हजेरीचा निर्णय. पाय बधिर झाला म्हणून बसलेल्या माणसाची दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, हे मी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं आणि मुकादमाच्या वहीत लिहून सही केली. त्या वेळी माझ्याकडे पुण्याची मंजुरी नव्हती. ती चार दिवसांनी आली.

चिरलेले गमबूट बाद केले. करगिलच्या बाजारातून दोन नंबर मोठे जोड आणले आणि नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचे, तुकडे घेऊन प्रत्येकाच्या मापाचे तळवे कापले, दोन-दोन जोड. लोकरीचे मोजे माणशी चार. नियम असा की दुपारी ऊन उतरायच्या आधी, दीड वाजता सगळ्यांनी एकदम बसायचं, मोजे आणि नमदा बदलायचा आणि शेजाऱ्याचे पाय बघायचे. स्वतःचे नाही, शेजाऱ्याचे. स्वतःच्या पायाबद्दल माणूस ‘ठीक आहे’ म्हणतो, दुसऱ्याच्या पायाबद्दल खोटं बोलत नाही.

रिगच्या फलाटावर लाकडी फळ्या टाकल्या, त्यावर जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचे तुकडे. परत येणारं पाणी पायाशी पसरू नये म्हणून केसिंगच्या तोंडापासून पत्र्याची पन्हळ काढून नदीच्या बाजूला वळवली. हे मामांचं काम, आणि हे आम्ही पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. विहिरीच्या कामावर पन्हळ काढतातच, फक्त तिथे ती चिखल टाळायला असते.

एक छोटा तंबू फक्त वाळवणीचा केला. बुखारीपासून हातभर अंतरावर तारा बांधल्या, त्याहून जवळ काही टांगायचं नाही. वर धुराड्याशेजारी वाफ बाहेर जायला फट ठेवली. पहिल्या रात्री ती फट नव्हती, तेव्हा तंबू गरम झाला पण मोजे दमटच राहिले. नुसत्या उष्णतेने वाळत नाही, ओल बाहेर जावी लागते. स्वयंपाकी पहाटे चारला उठायचा, बुखारीत लाकूड घालायचा आणि मोजे उलटे करायचा. त्याच्या कामाचं मोल मी नंतर हिशेबात धरलं, तेव्हा धरलं नव्हतं.

मापं या वेळी नीट घेतली. संध्याकाळी, दिवसभर उभं राहून पाय सुजलेला असताना, जाड मोजा घालून, कोअर बॉक्सच्या फळीवर कागद ठेवून प्रत्येकाच्या पायाची रेघ काढली. लांबी आणि चवड्याची रुंदी दोन्ही मिलिमीटरमध्ये दिल्लीला पाठवली. सगळ्यांत लांब बोटापुढे बोटभर मोकळी जागा राहावी असं सांगितलं.

खरेदी कामानुसार वाटली. रॉड हाताळणाऱ्या आठ जणांना टोपीवाले फेल्ट लाइनरचे बूट, प्रत्येकी दोन लाइनर. नदीतून पाणी उचलणाऱ्या पंपावरच्या दोघांना पॉलियुरेथेनचे उंच गमबूट, कारण त्यांना पाणी खेचणाऱ्या नळाभोवतीचा बर्फ फोडताना गुडघ्याखाली पाण्यात उतरावं लागतं आणि शिलाईवाला बूट तिथे टिकला नसता. स्वयंपाकी, ड्रायव्हर, मुकादम आणि मी यांना मोती मार्केटचे. आमच्यापैकी कुणाला रिगजवळ जायचं असेल तर फळ्यांच्या अलीकडे थांबायचं.

काय झालं

सगळ्यांत अनपेक्षित गोष्ट ही, की नवे बूट यायच्या आधीच तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या होत्या. वहीत दुपारच्या पाहणीत ‘बोटं बधिर’ असं पहिल्या दिवशी सहा जणांपुढे लिहिलं आहे, अकराव्या दिवशी दोघांपुढे. साडेचारशे रुपयांचाच गमबूट, फक्त मोठा, आत नमदा, दुपारी कोरडा मोजा, पायाखाली लाकूड. मी ही नोंद पुण्याला पाठवली तेव्हा काकांनी साहजिकच विचारलं, मग महागडे बूट हवेत का? हा निर्णय मला कठीण गेला. पण ते उरलेले दोघे म्हणजे दोन्ही ड्रिलर होते, जे जागेवरून हलत नाहीत, आणि हवा जानेवारीच्या मध्याकडे आणखी उतरणार होती. मागणी कायम ठेवली.

बूट चौदाव्या दिवशी आले. त्यानंतर हवा दोनदा उणे पंचवीसपर्यंत उतरली आणि त्या दोन्ही दिवशी आम्ही अकरानंतर काम सुरू केलं. ‘बधिर’ अशी नोंद नंतर एकच आहे, तीही एका हेल्परने लाइनर न बदलता दुसऱ्या दिवशी घातला तेव्हाची. मामांच्या मोज्यांचं वजन मी पुन्हा केलं. संध्याकाळी मोजा ९६ ग्रॅम आणि लाइनर मात्र सकाळपेक्षा बराच जड. घाम तितकाच येत होता, फक्त तो कातडीपासून दूर फेल्टमध्ये जाऊन बसत होता आणि रात्री तारेवर निघून जात होता.

चुकाही झाल्या. दोन जोड रुंदीला कमी पडले. व्यापाऱ्याने लांबीच पाहिली होती. एक लाइनर बुखारीला चिकटून जळाला. एका आठवड्यात लाकूड संपत आल्यामुळे वाळवणीचा तंबू नीट तापत नव्हता, तेव्हा पातळ मोज्यावर पॉलिथिनची पिशवी आणि त्यावर जाड मोजा असा प्रयोग केला. लाइनर खरंच कोरडे राहिले. पण चौथ्या दिवशी दोघांच्या तळव्यांची कातडी पांढरी, सुरकुतलेली, सोलवटायला लागलेली दिसली. सतत ओल्या कातडीचं दुखणं गोठण्याइतक्या थंडीशिवायही होतं. पिशव्या लगेच बंद केल्या. एखाद्या दिवसाची गरज म्हणून ठीक, रोजची सवय म्हणून नाही.

काटेरी साखळ्यांचं मात्र मला आधी समजायला हवं होतं. तंबूपासून रिगपर्यंतच्या बर्फाळ उतारासाठी बुटांवर चढवायच्या साखळ्या आणल्या. उतारावर उत्तम. पण एक हेल्पर त्या न काढता पोलादी फलाटावर चढला आणि सरकून रॉडच्या रॅकवर आपटला. काटा बर्फात रुततो, पत्र्यावर घसरतो. खांद्याला मुका मार बसला, हाड वाचलं. त्या दिवसापासून फलाटाच्या पायरीवर एक खुंटी ठोकली, साखळ्या तिथेच टांगायच्या.

चारही बोअरहोल फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पूर्ण झाली. बूट, जास्तीचे लाइनर, मोजे, नमदा आणि विमानाचं भाडं मिळून खर्च लाखाच्या थोडा वर गेला. रिगचे बंद पडलेले दिवस, मुलाचं औषधपाणी आणि बाद गमबूट यांचा हिशेब वेगळा काढला तर तो याच्या जवळपास पोचतो, पण मला तो हिशेब मांडून बूट योग्य ठरवायचे नाहीत. त्या मुलाच्या बोटांची किंमत त्यात कुठेच बसत नाही.

पुन्हा असं काम आलं तर

मागणी सप्टेंबरमध्ये जायला हवी. तेव्हा झोजीलाचा रस्ता उघडा असतो, ट्रकने माल येतो आणि मुख्य म्हणजे माप चुकलं तर बदलून मिळतं. डिसेंबरात मागवलेला बूट बदलायला वेळच नसतो. आमचे रुंदीला कमी पडलेले दोन जोड शेवटपर्यंत तसेच पडून राहिले.

पहिल्याच दिवशी पन्हळ आणि फळ्या. बुटाने झेलायचं पाणी आधी कमी करता येतं, आणि ते फुकट होतं. मी बुटाकडे बघत राहिलो, पाण्याकडे उशिरा पाहिलं.

लाइनर माणशी दोन नव्हे, तीन घेईन. लाकूड कमी पडलेल्या आठवड्यात तिसरा लाइनर असता तर पिशव्यांचा प्रयोग करावा लागला नसता. आणि लाकडाचा हिशेब स्वयंपाकाच्या लाकडातून न काढता वाळवणीसाठी वेगळा धरेन.

दोन्ही ड्रिलरना वेगळा बूट द्यावा का, यावर मी अजून विचार करतो आहे. त्यांना चालायचं नसतं, तेव्हा वजनाची अडचण कमी. आणखी जाड तळाचा, अवजड बूट त्यांना चालला असता. मामांचं म्हणणं उलट आहे. रॉड निसटला तर मागे उडी मारता आली पाहिजे, आणि जड बुटाने ती मारता येत नाही. ते तीस वर्षं रिगशेजारी उभे आहेत, तेव्हा मी त्यांचं ऐकेन.

काम संपल्यावर बूट कसे ठेवले हेही लिहितो, कारण यात आम्ही जवळजवळ चुकलो होतो. लाइनर कोमट पाण्यात धुऊन लेहच्या गोदामात दोन दिवस उन्हात वाळवले, चामड्याला चरबीचं मलम लावलं. पॉलियुरेथेनचे दोन जोड मात्र पेटीत बंद करून ठेवणार होतो. या पदार्थाच्या काही प्रकारांना दमट जागी न वापरता पडून राहणं सोसत नाही. वर्षांनी तळ भुसभुशीत होऊन तुकडे पडतात. ते जोड काकांनी पुण्यातल्या शीतगृहाच्या एका कामावर पाठवले, आणि तिथे ते वापरात आहेत.

हजेरीचा नियम आता कंपनीच्या थंडीतल्या कामांच्या करारात आहे. तो त्या मुलासाठी सहा दिवस उशिरा आला. पुढच्या हंगामात तो मुलगा आला नाही. दुमक्याहून त्याच्या गावच्या दुसऱ्या हेल्परकडून कळलं की पौषातल्या थंडीत शेतात उतरला की डाव्या पायाची बोटं अजून जळजळतात. मी त्याच्यासाठी लोकरीच्या मोज्यांचे चार जोड त्या हेल्परबरोबर पाठवले. ते पोचले, असा निरोप आला आहे.